बिनपाकिटाच्या रांगा

बाई, तुमच्या जिवाणूवर मी संशय घेतला, हे आधीच सांगून टाकते. आडपडदा ठेवून तुमच्याशी बोलायची सवय मला कधी लागली नाही, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ती आता कशाला लावून घेऊ? सगळा विभाग तुम्हाला मॅडम म्हणायचा. मी मराठी शाळेतून आलेली, माझी जीभ बाईवरच वळायची. तुम्हाला ते आवडायचं की नाही कोण जाणे, पण तुम्ही कधी टोकलं नाहीत.

विषय आहे खारी गावच्या वालाचा. त्या वालाच्या मुळांवरच्या गाठींमधून तुम्ही जो जिवाणू काढलात, हवेतला नत्र पकडून झाडाला देणारा, तो अजून आपल्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये आहे. मीच तो जपलाय. आता जिवाणू खत बनवणाऱ्या एका कंपनीला तो हवाय. त्यांचा माणूस गेले कित्येक महिने कॉलेजात खेटे घालतोय. बोलायला फार गोड, दर वेळी मिठाईचा बॉक्स घेऊन येतो, आणि मला गोड माणसांचा पहिल्यापासून संशय. तो म्हणतो, "मॅडम, मार्केटमध्ये आता देशीचा जमाना आहे. देशी गाय, देशी बियाणं, तसा आपला देशी जिवाणू. तुम्ही फक्त एक लाइन लिहून सही द्या, की हा इथल्याच मातीतला आहे आणि गाठी बांधायची जनुकं त्याची स्वतःचीच आहेत. बाकी पेपरवर्क आमच्याकडे." त्या एका ओळीच्या बदल्यात कंपनी आपली प्रयोगशाळा चालवायला घेणार. नाही घेतली तर जूनपासून त्या खोलीत कॉम्प्युटरचा वर्ग भरणार, हे मला प्राचार्यांनी चहा पाजून सांगितलंय. ती खोली तुम्ही कुणाकुणाशी भांडून मिळवलीत ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा सही करायला माझी ना नव्हतीच. फक्त सहीच्या आधी तपासावं म्हटलं, आणि तिथेच घोळ झाला.

तपासायचं म्हणजे काय, ते तुम्ही मला पहिल्याच वर्षी शिकवलंत, आणि तेही चारचौघांत. अजून डोळ्यांसमोर आहे. मी मुगाच्या कुंड्या लावल्या आहेत, जिवाणू घातलेल्या वेगळ्या आणि न घातलेल्या वेगळ्या. रोप उपटलं तर मुळांना भरगच्च गाठी. एक गाठ ब्लेडने कापते तर आतून छान गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलाय. मी ते मूळ तळहातावर घेऊन पळत तुमच्या टेबलापाशी येते. तुम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. विचारता, "कंट्रोल कुठाय?" कंट्रोल म्हणजे ती न घातलेली कुंडी, जिच्यातल्या रोपांना गाठी यायलाच नकोत. ती उपटून आणते, तर तिच्याही मुळांना गाठी. कमी, पण आहेत. तुम्ही चष्मा वर करता. "पाणी कशाने घातलंस?" मी म्हणते, झारीने. "एकाच झारीने? तोंड मातीला लागलं असणार. मग आता या गुलाबी रंगाचं कौतुक कुणाचं करायचं, जिवाणूचं की झारीचं?" मागची मुलं खो खो हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन सगळ्या कुंड्या फेकून दिल्या. तुम्ही त्या फेकायला सांगितल्या नव्हत्यात, पण फेकताना बघत उभ्या होतात.

तुमचा संशय कॉलेजपुरता नव्हता. सिल्व्हर पार्कच्या तुमच्या घरी मी यायला लागले तेव्हा कळलं की तो दाराशी चपलांबरोबर काढून ठेवायची वस्तूच नाही. गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून तुम्ही मिरा रोडला आलात, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी तुम्ही दूधवाल्यासमोरच पातेल्यातलं दूध हुंगायचात. भाजीवाल्याला तुमच्या त्या गिरगावी हिंदीत विचारायचात, "भैया, ये पालक पे क्या मारा है? खरं बोलो." कॉलेजचं निर्जंतुक करायचं यंत्र कायम बंद, म्हणून कुंड्यांची वाळू तुम्ही घरी कुकरला लावायचात. एका शेगडीवर वाळूचा कुकर आणि दुसरीवर वालाचं बिरडं. माझ्या लग्नात तुम्ही मला नवा कोरा कुकर दिलात आणि कानाशी येऊन म्हणालात, "हा फक्त भाताला. वाळूसाठी वेगळा घे." नवऱ्याला मी ते पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

त्याच ओट्यापाशी भिजवलेले, मोड आलेले वाल सोलता सोलता तुम्ही मला जनुकं शिकवलीत. वर्गात तुम्ही पुस्तकी बोलायचात, ओट्यापाशी वेगळं. म्हणालात, "हे बघ, जिवाणूकडे दोन प्रकारची माणसं आहेत असं समज. गाठ बांधणारी जनुकं झाडाच्या दारावर थाप मारतात. ओळखीची थाप असली तरच झाड दार उघडतं. मग नत्र पकडणारी जनुकं आत जाऊन कामाला लागतात. सगळी एकाच गठ्ठ्यात असतात. आणि हा गठ्ठा म्हणे कधीकधी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, बोचकं उचलून द्यावं तसा. बाहेरून आलेल्याने इथल्याला दिला, की इथल्यालाही ती थाप मारता येते." मी विचारलं, खरंच जातो? तुम्ही वालाचं साल माझ्यासमोर टाकलंत. "मी नाही पाहिलं. आपल्याकडे कुणी पाहिलेलं मला माहीत नाही. न पाहिलेलं मी मानत नाही."

खारीला तेव्हा शेतं होती. भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. तिथल्या एका आगरी म्हाताऱ्या बाईंनी, आपण त्यांना आजी म्हणायचो, त्यांच्या शेताचा एक तुकडा तुम्हाला प्रयोगासाठी दिला होता. अर्ध्या रांगांना तेव्हा बाजारात मिळायचं ते कल्चरचं पाकीट, म्हणजे बाहेरचा जिवाणू. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचा आणि पेरायचं. उरलेल्या अर्ध्या रांगांना काहीच नाही. त्यांना आपण बिनपाकिटाच्या रांगा म्हणायचो. बरेच हंगाम तुम्ही हे केलंत, आणि शेवटी बिनपाकिटाच्या रांगांनाही तितक्याच गाठी, तितक्याच गुलाबी निघाल्या. म्हणजे खारीच्या मातीत स्वतःचा एक तगडा जिवाणू आहे, बाहेरच्याची गरजच नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्या रांगांतल्या गाठींमधून तुम्ही तो वेगळा काढलात आणि वाढवलात. निबंध छापायला गेला. आणि छापायच्या तोंडावर तुम्ही तो परत मागवलात.

का, ते कुणाला सांगितलं नाहीत. विभागात कुजबूज सुरू झाली की पाकिटातलाच जिवाणू उचलून खारीचा म्हणून दाखवला असणार, आता उघडं पडायची वेळ आली तशी माघार घेतली. मी तुमच्या बाजूने भांडत होते, पण मला निदान कारण तरी हवं होतं. जिन्यात गाठून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "घाई झाली होती माझी." एवढंच. आणि माझ्या डोळ्यांत न बघता खाली उतरलात. तुम्ही माणसाच्या डोळ्यांत न बघता बोललात, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो जिना माझ्या डोक्यात राहिला, बाई. तुमच्या शोकसभेत लोक तुमच्या सचोटीबद्दल बोलत होते, आणि मी मान डोलावत जिन्याचा विचार करत होते.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सहीच्या आधी तपासायचं म्हणून मी माझ्या विद्यार्थिनीला त्या जिवाणूचं गाठी बांधणारं जनुक वाचायला लावलं. तुमच्या वेळी हे अशक्य होतं. आता नमुना बाहेर पाठवला की वाचून येतो, आणि जगभरच्या जिवाणूंशी तो कॉम्प्युटरवर ताडून बघता येतो. पोरगी नाचतच आली. "मॅडम, मॅच सापडला! अक्षर न् अक्षर सेम!" कुणाशी, म्हटलं. तर त्या जुन्या पाकिटातल्या जिवाणूशी. तिला काय माहीत तिने काय आणलंय. मी तिला शाबासकी दिली, दार लावून घेतलं आणि खुर्चीत नुसती बसून राहिले. 

म्हणजे ती कुजबूज खरी होती? आधी मी संशय माझ्यावर घेतला, ती शिकवण तुमचीच. इतकी वर्षं एका नळीतून दुसऱ्या नळीत तो वाढवताना माझ्याच हातून पाकिटातला जिवाणू मिसळला असेल. म्हणून तुम्ही स्वतःच्या हाताने काचेच्या कुपीत सुकवून बंद केलेला मूळ जिवाणू काढला. एकच कुपी उरली होती. तीही फोडली. हा जिवाणू सावकाश वाढणारा, आठवडाभर तरी बशीत काही दिसत नाही. मग लाल रंग घातलेल्या खाद्यावर त्याचे पांढरे ठिपके उठले, रंग न पिता, जसे उठायला हवेत तसे. तेही वाचायला पाठवलं. उत्तर तेच आलं. माझ्यावरचा संशय फिटला आणि सगळा तुमच्यावर येऊन बसला.

ते दिवस फार वाईट गेले. तुमची प्रत्येक आठवण मी उलटीपालटी करून बघत होते. ती झारी, तो चष्मा वर करणं, ते सगळं खरं होतं की दुसऱ्यांच्या कंट्रोलवर बोट ठेवणाऱ्या माणसाने स्वतःचा कंट्रोल झाकण्यासाठी केलेला देखावा? राग यायचा, आणि त्याच्या पाठोपाठ, कसं सांगू, थोडं हलकंही वाटायचं. त्या हलकं वाटण्याकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

मग विद्यार्थिनीच्या आग्रहाने आम्ही एका जनुकावर न थांबता सगळाच जिवाणू वाचून घेतला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. आणि सगळं फिरलं. बाई, तो पाकिटातला जिवाणू नाही. त्याचं सगळं अंग वेगळं आहे, इथलंच, आजवर कुणी न नोंदलेलं. फक्त तो एक गठ्ठा, थाप मारणारी आणि नत्र पकडणारी जनुकं, तेवढा पाकिटातल्याचा. मधेच बसवल्यासारखा, दोन्ही टोकांना जोड अगदी स्पष्ट. खारीच्या मातीत बाहेरच्याने इथल्याला बोचकं दिलं होतं. जे कुणी पाहिलं नाही म्हणून तुम्ही मानलं नव्हतंत, ते तुमच्या कुपीत पडून होतं.

मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. पण मी तुमची विद्यार्थिनी. लगेच मनात आलं की गाठी तर बिनपाकिटाच्या रांगांतल्या होत्या. तिथे पाकिटातला जिवाणू आला कुठून? पलीकडच्या रांगेतून थोडाफार वाहून येईल, पण त्याने तितक्याच गाठी कशा होतील? म्हणजे त्या रांगा बिनपाकिटाच्या नव्हत्याच, आणि हे तुम्हाला माहीत असणार. तुम्ही खोटं लिहिलंत की नाही, एवढा एकच प्रश्न उरला. मग रिक्षा केली आणि खारीला गेले.

शेताच्या जागी आता बिल्डिंग आहे. आजी कधीच गेल्या. त्यांच्या सूनबाई त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, आता त्याच आजी झाल्यात. मी तुमचं नाव सांगितलं तर त्यांनी हात धरून आत नेलं. "ती तुमची मास्तरीन? चष्मेवाली? अगो बाय, बस बस." त्यांना एवढी ओळख पटली म्हणून मला उलट संशय आला. म्हातारी माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही आठवतात. म्हणून मी मुद्दाम चुकीचं विचारलं, "काकी, ती पाकिटातली लाल पावडर आठवते का?"

"लाल कशाला? काली. कोलशाची भुकटी असती ना, तशी. हात धुऊन धुऊन जायची न्हाय. मीच गूळ फोडून द्यायची न सासू परातीत कालवाची."

बरोबर होतं. ती काळीच असायची. मग मी हळूच विचारलं, "आणि ज्या रांगांना पाकीट नव्हतं, त्या तशाच सोडायचात ना?"

काकी हसायला लागल्या. "कुठं सोडती ती! परातीत गुलाचं पानी उरलं का आमची सासू तिकडं जायची, न त्या रांगांवर शिंपडायची. दर वर्साला. मी बोलली, आई, मास्तरीन नको बोललीय. तर माझ्यावरच उखडली. बोलली, एका शेतात बसवलंय दोघांना, मग इकडं वाढायचं न तिकडं रिकामं पान? त्या रांगांनी काय घोडं मारलंय? पंगतीत असा भेद करनारी मी न्हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. पंक्तिप्रपंच! बाई, आपण झारीचं तोंड, वाळू, हवा, हात, सगळ्यांवर संशय घेतला, आणि एका म्हाताऱ्या बाईला अर्धी पंगत उपाशी ठेवणं जमणार नाही, हे आपल्या डोक्यातच आलं नाही. आपल्याच घरी आपण कधी असं वाढलं असतं का? मी विचारलं, "बाईंना हे कळलं होतं?"

"कललं म्हंजे? सासूनीच सांगितलं. ती कशाला लपवील, तिला वाटलं चांगलंच केलंय. शेवटच्या वर्साला, वाल काढून झाल्यावर कधीतरी आलती तुमची मास्तरीन, तवा. ऐकलं न बांधावर बसली ती बसलीच. मला वाटलं चक्कर आली, मी पानी दिलं. मग उठली न सासूला बोलली, आजी, तुम्ही बरोबर केलंत. न मला बाजूला घेऊन बोलली, कॉलेजात कोनाला सांगू नका, म्हातारीला उगाच बोल लागंल." काकींनी पदराने कपाळ पुसलं. "आम्ही कोनाला सांगनार? कॉलेजातलं कोन आलंच न्हाय इचाराला."

येताना रिक्षात मला रडू आलं, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून मी खोकल्याचं नाटक केलं. म्हणजे तुम्हाला कळलं ते निबंध पाठवून झाल्यावर. कंट्रोल बिघडला म्हणून तुम्ही तो परत मागवलात, आणि का बिघडला ते सांगितलं असतं तर सगळे आजींना हसले असते, म्हणून जिन्यात मला खोटं बोललात. तुमचं तेवढंच एक खोटं मला सापडलं. सगळा विभाग तुम्हाला लबाड म्हणत होता आणि तुम्ही खाली मान घालून तास घेत होतात. पण बाई, माझं एक भांडण शिल्लक आहे. मला तरी सांगायचंत. मी कुणाला सांगितलं नसतं. की तुम्हाला माझाही भरवसा नव्हता? याचं उत्तर आता मिळायचं नाही, आणि खरं सांगू, मला त्याची भीतीच वाटते.

आज दुपारी तो कंपनीचा माणूस परत आला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, की अंग इथलं आहे, गठ्ठा बाहेरचा. त्याचा चेहरा जराही पडला नाही. "मॅडम, जिवाणू खारीचाच आहे ना? मग प्रॉब्लेम काय? गठ्ठा आता त्याचाच झाला की. कोण बघायला जातंय?" पाकिटावर तुमचं नाव छापतो म्हणाला. प्रयोगशाळेला तुमच्या नावाची पाटी लावतो म्हणाला. आणि त्याचं बोलणं तसं पूर्ण खोटंही नाही, हाच त्रास आहे. कागद टेबलावर आहे, पेनही त्यानेच ठेवलंय. ती खोली वाचेल, माझ्या विद्यार्थिनीचं काम चालू राहील, आणि तुम्हाला लबाड म्हणणाऱ्यांना दुकानात तुमच्या नावाचं पाकीट बघावं लागेल. मी पेन उचललं होतं, बाई. टोपण काढलं होतं.

सही नाही केली. उद्या त्याला फोन करून सांगेन की गठ्ठा बाहेरचा आहे असं छापणार असाल तरच या. तो येणार नाही. जूनमध्ये खोलीत कॉम्प्युटर येतील. जे सापडलं ते मी लिहून काढेन, आजींच्या गुळाच्या पाण्यासकट. त्यांना आता कोण काय बोल लावणार? पण आज माझा सगळा राग तुमच्यावर आहे, म्हणून हे पत्र मी तुम्हाला लिहितेय, जे कुठे टाकता येणार नाही आणि घरात कुणाला दाखवताही येणार नाही. त्या वाईट दिवसांत मला हलकं का वाटायचं, ते आज पेन हातात असताना कळलं. मला तुम्ही खोट्या निघायला हव्या होतात. तशा निघाला असतात, तर आज दुपारी सही करून मी मोकळी झाले असते.